पाटकरी मामाजी आणि बारा रोबो

न्यायाने वागणारी माणसं या जगात पुष्कळ असतील, पण न्यायाने वागून घरच्या सगळ्यांना उपाशी ठेवणारा माणूस एकच जन्माला आला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. म्हणजे माझे मामेसासरे. आसगावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. 'पाटकरी' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा घर दाखवतं. कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना पाळीपाळीने सोडायचं, कोणाला किती तास ते वहीत लिहायचं आणि चोरून पाटाचं दार उघडणाऱ्याशी भांडायचं, एवढं पाटकऱ्याचं काम. मामाजींनी ते सारी हयात केलं. निवृत्त झाल्यावर पाणी हातातून गेलं, तेव्हा घरात जे काही वाटण्यासारखं होतं ते सगळं ते पाळीने सोडायला लागले. पाळीला ते पारी म्हणतात. त्यांच्या घरी चहाची पारी असते, पेपरची पारी असते आणि उन्हाळ्यात टेबलपंख्याचीही पारी असते. पंखा फिरता असला तरी तो त्यांना मंजूर नाही, कारण मधे बसलेल्याला एका फेरीत दोनदा वारा लागतो आणि टोकाच्याला एकदाच. म्हणून ते पंख्याची मान आवळून ठेवतात आणि पाच-पाच मिनिटांनी स्वतः उठून वळवतात. या उठबशीत ते स्वतः घामाघूम होतात, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नसते.

त्यांच्या साऱ्या कायद्यांचं मूळ एका वाक्यात आहे: "टेलले आधी." कालव्याच्या तोंडाशी ज्याचं शेत तो हेडवाला आणि शेवटी ज्याचं शेत तो टेलवाला. हेडवाल्याने मनसोक्त पाणी घेतलं की टेलवाल्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, नुसती ओल पोचते, हे मामाजींनी आयुष्यभर पाहिलं. म्हणून त्यांच्या राज्यात पाणी आधी शेवटच्या शेताला जायचं आणि मग मागे मागे सरकत तोंडाशी यायचं. इथवर ठीक आहे. पण हा कायदा त्यांनी माझ्या लग्नाच्या पंगतीलाही लावला. नवरदेव म्हणून मी पंगतीच्या तोंडाशी, चांगला पाट-रांगोळीवर बसलेलो. मामाजी वाढप्यांचे मुख्य. भात, वरण, आलूवांग्याची भाजी, बुंदी, जे जे निघालं ते मंडपाच्या पार त्या टोकाला जायला लागलं. तिकडचे लोक ढेकर द्यायला लागले तरी माझ्या पानात मीठ आणि लिंबाची फोड एवढंच होतं. माझ्या वडिलांनी जरा आवाज चढवून विचारलं, तेव्हा मामाजी शांतपणे म्हणाले, "नवरदेव हेडवर बसून राहिले ना बाप्पा. हेडवाल्याले कधी कमी पडत नसते." कमी पडलं नाही हे खरं, पण बुंदी संपली होती.

ते दोन घड्याळं वापरतात. एक मनगटावर आणि एक सदऱ्याच्या खिशात, दोऱ्याने बांधलेलं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "एक खोटं बोललं तं दुसरं साक्षीले पाहिजे." न्हाव्याच्या दुकानात एकदा त्यांच्या आधीचा माणूस 'आलोच' म्हणून बाहेर गेला आणि गावच्या बाजारात हरवला. खुर्ची रिकामी, न्हावी वस्तरा घेऊन उभा, आणि मामाजी बाकावर तासभर बसून. "त्याची पारी हाये," एवढंच. शेवटी न्हाव्यानेच कंटाळून स्वतःची दाढी करून घेतली. घरी चहा झाला की पहिला कप सुनेला मिळतो, कारण चुलीपाशी असणारी बाई घरातली टेल असते असं त्यांचं मत आहे. ती सून मोठी भाग्याची, आणि तो चहा तिनेच केलेला असतो हा भाग निराळा. जावई मात्र पाहुणा, ओसरीवर खुर्चीत बसलेला, म्हणजे हेड. गेल्या वीस वर्षांत त्या घरी मला गरम चहा मिळालेला नाही.

त्यांच्या या वेडाला एकच काळी किनार आहे आणि ती मला बायकोने सांगितली. मामाजींचं स्वतःचं दीड एकर शेत नेमकं पाटाच्या तोंडाशी होतं. म्हणजे त्यांच्याच कायद्याने त्याला पाणी सगळ्यांत शेवटी. एका वर्षी धान लोंबीवर आलं असताना, बाकी सगळ्यांची पाळी होऊन मामाजींची दोन तासांवर असताना कालवा फुटला. गावाचं धान वाचलं, पाटकऱ्याचं वाळलं. लोकांनी त्यांची फार वाहवा केली. मामी मात्र त्या शेतात चिखलणीपासून राबल्या होत्या. पुढे कधीही तो विषय निघाला की त्या उठून आत जायच्या, आणि दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या तेव्हाही तो विषय तसाच राहिला.

तर असा हा माणूस मी होऊन रोबोच्या स्पर्धेत आणला. मी मोहाडीला विज्ञान शिकवतो. जिल्ह्यातल्या शाळांची रोबो स्पर्धा भंडाऱ्याला भरते. माझ्या शाळेचा चमू नसतो, म्हणून संयोजन माझ्या गळ्यात. पोरांनी बनवलेली चार चाकांची गाडी पांढऱ्या फळीवरच्या काळ्या पट्टीवरून आपली आपण चालली पाहिजे, आणि वाटेत आयत्या वेळी सांगितलेलं एक काम तिने केलं पाहिजे. आदल्या वर्षी हे आयत्या वेळचं कामच माझ्या अंगाशी आलं. पहिल्या चमूला ते डोळे मिटून करावं लागलं आणि शेवटच्या चमूने अकरा जणांचं पाहून तयारी करून ठेवली. जवळच्या शाळा पहाटेच येऊन सरावाची फळी अडवून बसल्या, लांबच्यांना ती शिवायलाही मिळाली नाही. शेवटी दोन मुख्याध्यापक एकमेकांच्या अंगावर धावून गेले. यंदा पुन्हा असं झालं तर जिल्ह्याला स्पर्धा मिळणार नाही, असं मला वरून कळवलं गेलं. मी डोकं धरून बसलो होतो, तेव्हा बायको म्हणाली, "मामाजींना बोलवा. पाणी काय आणि रोबो काय."

मामाजी तीन दिवस आधीच वळकटी घेऊन हजर झाले. रोबो म्हणजे काय हे त्यांनी दहा मिनिटांत समजून घेतलं. "म्हणजे बिनबैलाची बंडी," ते म्हणाले, आणि पुढे विचारलं नाही. मग त्यांनी सभागृहाच्या फरशीवर तांब्याने पाणी ओतलं. शिपाई धावत आला. मामाजी उकिडवे बसून पाणी कुठे वाहतं ते पाहत होते. साऱ्या सभागृहात एकच कोपरा त्यांना सपाट सापडला, फळी तिथेच मांडायची असं ठरलं. दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले आणि दर पंधरा मिनिटांनी उठून खडूने काहीतरी आखायला लागले. छतात एक पारदर्शक पत्रा होता. पावणेबारा ते साडेबारा त्यातून उन्हाचा चौकोन नेमका फळीवर उतरत होता, आणि उन्हात या गाड्यांना काळी पट्टी दिसत नाही हे मी त्यांना सांगितलं होतं. पत्रा इतका उंच की शिपायाची शिडी अर्ध्यात थांबत होती. मामाजींनी त्या पाऊण तासाला 'ऊनसुट्टी' असं नाव दिलं आणि त्यात कोणाचीच पाळी लावली नाही. त्या वेळात पोहे द्यायचे ठरले. विज्ञानाचा मास्तर मी, आणि त्या सभागृहात चार वर्षं स्पर्धा घेऊन मला हा चौकोन कधी दिसला नव्हता.

बाकीची व्यवस्थाही तशीच चोख. सरावाच्या फळीवर प्रत्येकाला मोजून दहा मिनिटं. पाळी येईपर्यंत चमूने शेजारच्या वर्गात बसायचं, सभागृहात डोकावायचं नाही. आयत्या वेळच्या कामाचं पाकीट प्रत्येक चमूला त्याच्या पाळीच्या आधी बरोबर अर्धा तास, ना मिनिट पुढे ना मागे. आणि पाकिटातलं फुटू नये म्हणून संयोजनातले सगळे फोन आदल्या संध्याकाळीच एका लोखंडी पेटीत. सगळे म्हणजे माझाही. वेळापत्रक सर्व शाळांना एकाच वेळी, संध्याकाळी सहाला कळवलं आणि सहा वाजून दोन मिनिटांनी मामाजींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "संयोजक पहिला फितूर असते," ते पेटीला कुलूप लावत म्हणाले. मी त्यांचा जावई आहे याचा त्यांना त्या क्षणी साफ विसर पडला होता.

वेळापत्रक मी वाचलं. पहिली पाळी, साडेनऊची, ताजी फळी, सौम्य उजेड, भरलेल्या बॅटऱ्या, ती नाकाडोंगरीला. आलेल्या बारा शाळांत सगळ्यांत लांबची तीच. टेलले आधी. लांबच्या हिशेबाने दुसरी पाळी आसगावची होती, पण आसगाव सगळ्यांत खाली, दुपारी एकला टाकलं होतं आणि समोर लाल शाईने लिहिलं होतं, 'यात पाळी लावणाऱ्याची नात आहे. नजर ठेवावी.' नात म्हणजे गौरी, नववीतली. तिने आणि तिच्या दोघा सोबत्यांनी दिवाळीपासून त्या गाडीवर जीव टाकला होता.

"मामाजी, हा तिच्यावर अन्याय नाही का?" मी म्हणालो.

"घरच्याले शेवटी," ते म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी साडेनऊ वाजले. परीक्षक बसले. फळी ओल्या फडक्याने पुसून झाली. मामाजींनी दोन्ही घड्याळं पाहून पुकारा केला, "नाकाडोंगरी." कोणी आलं नाही, नऊला पाकीट घ्यायलाही कोणी आलं नव्हतं. पुन्हा पुकारा, पुन्हा कोणी नाही. नियमाप्रमाणे तीन मिनिटं थांबून मुख्य परीक्षकांनी नावावर आडवी रेघ मारली. नागपूरहून आलेल्या त्या बाई तशा सज्जन, पण नियमाच्या पक्क्या. पुढचा चमू त्याच्या वेळेला, पावणेदहाला आत आला. मामाजींच्या चेहऱ्यावर मात्र मी त्यांचं धान वाळल्याची बातमी पुन्हा आल्यासारखं काहीतरी पाहिलं. ते मला एका बाजूला घेऊन म्हणाले, "जवाईबापू, आपल्या हातून कधी कोनाची पारी बुडली नाही. हे लेकरं आले काहून नसतील?"

पेटी उघडायला लावून मी फोन काढला. नाकाडोंगरीच्या सरांचा निरोप आदल्या संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनीच येऊन पडला होता. आमची पहिली एसटी तुमसरला येते, तिथून दुसरी धरून भंडाऱ्याला अकरा वाजतात, तेव्हा साडेनऊची पाळी बदलून द्यावी ही विनंती. त्याखाली आणखी चार निरोप, एकाहून एक काकुळतीचे. मी ते वाचून दाखवले. मामाजी खुर्चीवर बसले. म्हणाले, "पानी हेडवरून टेलले जाते. पन लेकरं तं टेलवरून हेडले येतेत. हे माह्या ध्यानातच नाही आलं." आणि मग, "फोनबी मीच कोंडला."

अकरानंतर थोड्याच वेळात नाकाडोंगरीचे तीन जण खोका सांभाळत, धापा टाकत आले. त्यांच्यातल्या एका मुलीने खोका खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "आमची पारी गेली का जी?" मामाजी तडक परीक्षकांच्या टेबलापाशी गेले आणि चूक त्यांची स्वतःची आहे, पोरांची नाही, असं उभ्याने सांगितलं. बाईंनी निरोपांच्या वेळा पाहिल्या, रेघ खोडली आणि म्हणाल्या, "एक वाजून पंधराला आम्हाला निघावंच लागेल, पुढच्या जिल्ह्यात स्पर्धा आहे. मधे रिकामा वेळ आहे तेवढाच. बारा वाजता येऊ द्या त्यांना." नाकाडोंगरीचे सर हात जोडून तयार झाले. बारा म्हणजे भर ऊनसुट्टी. मामाजी म्हणाले, "कोरड्या पाटाची पारी कायची पारी, मॅडम? देल्ली म्हनून फक्त कागदावर राहाते."

आता एकच वाट होती. कालव्यावर एक रीत असते की दोन शेतकरी राजी असले तर पाटकऱ्यासमोर पाळीची अदलाबदल करू शकतात. कोणीतरी आपली चांगली पाळी सोडून उन्हातली घ्यायची. पण पाटकऱ्याने ते कोणाला सुचवायचं नसतं. मी हळूच म्हणालो, "गौरीची एकची पाळी आहे. तिला विचारा ना." मामाजी माझ्यावर कधी रागावत नाहीत, पण तेव्हा रागावले. "मी मांगतलं तं तो हुकूम होते. तिनं नाही कसं म्हनावं मले?" हे सगळं बोलणं शेजारच्या वर्गाच्या दारात चाललं होतं आणि ते दार कधीच नीट लागत नाही. दार उघडून गौरी बाहेर आली.

"आबाजी, आमची पारी त्यायले द्या. आमी बाराले जातो."

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाही. आयकू येऊन राहिलं होतं."

मामाजींनी तिला आत पाठवलं आणि तिच्या सोबत्यांना एकेकट्याला बाहेर बोलावलं. पहिली मुलगी चटकन हो म्हणाली. मुलगा म्हणाला, "गौरी म्हनते तं आमी तयार आहो."

"गौरी म्हनते म्हनून नाही चालत. तू काय म्हनतेस?"

मुलाने डोकं खाजवलं. "आपली गाडी उन्हात चालते का नाही, हे मलेबी पाहाचंच होतं," तो म्हणाला. ते पटलं. तिघांच्या सह्या वहीत झाल्या. गौरीने सही करताना मामाजींनी वहीवर हात ठेवला आणि विचारलं, "राजीनं देऊन राहिली ना, माय?" तिने मान हलवली. तेव्हा ते अगदी हळू, मी शेजारी नसतो तर मला ऐकू आलं नसतं इतक्या हळू म्हणाले, "तुह्या आजीले मी इचारलं नव्हतं."

बाराच्या ठोक्याला आसगावची गाडी सुटली. पहिलं वळण तिने झोकात घेतलं, दुसरंही घेतलं आणि उन्हाच्या चौकोनात शिरताच भान हरपल्यासारखी गोल गोल फिरायला लागली. सात चकरा मोजल्या. मग पट्टी सोडून फळीवरून उतरली आणि धानाची इवलीशी थैली, जी लाल डब्यात टाकायची होती, ती घेऊन सरळ परीक्षकांच्या पोह्यांपाशी जाऊन थांबली. सारं सभागृह हसत होतं आणि गौरी सगळ्यांत जास्त हसत होती. मामाजींनी खिशातलं घड्याळ दोनदा पाहिलं आणि बरोबर वेळेवर हात वर केला. नातीला त्यांनी एक सेकंदही वाढवून दिला नाही. एकला नाकाडोंगरीची गाडी आली. वळणं घेतली, थैली उचलली, लाल डब्यात टाकली आणि पट्टीच्या टोकाला येऊन उभी राहिली. त्यांच्यातली ती मुलगी रडायला लागली आणि तिचे सरही. पहिले दोन चमू नागपूरच्या फेरीला जायचे होते, त्यात नाकाडोंगरी दुसरी आली. आसगाव खालून दुसरं. यंदा एकही मुख्याध्यापक कोणाच्या अंगावर धावला नाही, उलट दोघे एकाच पुडीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा खाताना दिसले.

संध्याकाळी मी मामाजींना आणि गौरीला आसगावला सोडायला गेलो. ओसरीवर बसलो. सुनेने चहा केला आणि सवयीप्रमाणे पहिला कप घेण्यासाठी स्वतःच थांबली. मामाजी उठले, तो कप उचलून गौरीपुढे ठेवला आणि तिच्याजवळ बसले. "आज टेल इथं हाये," ते सुनेला म्हणाले. मग फडताळातून एक जुनी, कडा झिजलेली पाळीची वही काढली आणि कालवा फुटला त्या वर्षाचं पान गौरीपुढे धरलं. अलीकडे त्यांना बारीक दिसत नाही. पानावर गावाची सगळी नावं होती, प्रत्येकापुढे तास लिहिलेले, आणि सगळ्यांत खाली त्यांचं स्वतःचं नाव, त्यापुढे कोरं.

"लिव," ते म्हणाले. "पारी बुडली. घरवालीले इचारलं नाही. चूक पाटकऱ्याची."

गौरीने चहा बाजूला ठेवून सुवाच्य अक्षरात लिहिलं. मामाजींनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं, खाली सही केली आणि वही उघडीच ठेवून शाई वाळायची वाट पाहत बसले. बॉलपेनची शाई वाळवावी लागत नाही हे त्यांना आम्ही कोणी सांगितलं नाही. माझा कप नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी आला, कोमट. त्या दिवशी मी तो मुकाट्याने प्यायलो आणि खरं सांगतो, मला तो चांगला लागला.